तीन किलोमीटरचा रस्ता: गोठडा टप्पा डहीनाच्या मुलींचं उपोषण

हरियाणाच्या रेवाडी जिल्ह्यातल्या गोठडा टप्पा डहीना या गावात २०१७ साली सरकारी शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावीला प्रवेश घ्यायचा तर सुमारे तीन किलोमीटरवरच्या कंवाली गावात जावं लागे. त्या वर्षी १० मे रोजी नववी-दहावीच्या सुमारे ८० मुली धरणं धरून बसल्या आणि त्यांतल्या काहींनी उपोषण सुरू केलं. मागणी एकच होती: आमच्या गावची शाळा बारावीपर्यंत करा. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं. कंवालीच्या वाटेवर मोटरसायकलवरून येणारी मुलं छेड काढतात, आणि डोक्यावर हेल्मेट असल्यामुळे ती कोण आहेत हे ओळखता येत नाही.

मे महिन्याचं ऊन होतं. काही मुलींची तब्येत बिघडली, रुग्णालयात न्यावं लागलं. तोंडी आश्वासनांवर मुली उठल्या नाहीत. आठव्या दिवशी, १७ मे रोजी, शाळेचा दर्जा वाढवल्याची अधिसूचना निघाली, तेव्हा उपोषण सुटलं. रामबिलास शर्मा तेव्हा राज्याचे शिक्षणमंत्री होते. पुढच्या काही दिवसांत हरियाणातल्या इतर गावांतल्या मुलींनीही याच मागणीसाठी शाळांना कुलपं लावली, धरणं धरली.

बातम्यांमध्ये हे प्रकरण ‘मुलींचा विजय’ म्हणून आलं, आणि विजय तो होताच. पण रस्त्यावरची छेडछाड मुलींचं फिरणं नेमकं कसं आवळत नेते आणि सरकारी उपाय कुठवर पोचतो, हे समजून घ्यायला या गावाइतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. म्हणून ते सविस्तर पाहायला हवं.

कागदावर प्रश्नच नव्हता

२००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचा निकष असा होता: माध्यमिक शाळा ५ किलोमीटरच्या आत आणि उच्च माध्यमिक शाळा ७ ते १० किलोमीटरच्या आत. या हिशेबाने कंवालीची शाळा गोठडा टप्पा डहीनाच्या मुलींसाठी ‘जवळ’ होती. फाइलीत तेवढंच दिसतं. नकाशावर दोन ठिपके आणि मधे तीन किलोमीटर. त्या तीन किलोमीटरांत वस्ती किती आहे, दुकानं किती, शेतं किती, दुपारी दोन वाजता रस्त्यावर कोण असतं, यासाठी फाइलीत रकानाच नसतो.

दुसरी अडचण पटसंख्येची. शाळेचा दर्जा वाढवायचा प्रस्ताव गेला की पहिला प्रश्न येतो, विद्यार्थी किती? रस्त्याच्या भीतीने दहावीनंतर मुली घरी बसतात, त्यामुळे पुढच्या वर्गांसाठी मागणी कमी दिसते. मागणी कमी म्हणून वर्ग निघत नाहीत, आणि वर्ग नाहीत म्हणून मुली घरी बसतात. हे चक्र आतून फोडता येत नाही, कुणीतरी बाहेरून धक्का द्यावा लागतो. इथे तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी दिला, तोही उपाशी राहून. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना २२ जानेवारी २०१५ रोजी ज्या राज्यातल्या पानिपतमधून जाहीर झाली आणि २०११ च्या जनगणनेत जिथे सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या, त्या राज्यात हे घडलं. मुलींना अकरावीच्या वर्गासाठी आठ दिवस अन्न सोडावं लागावं, याचा राग यायलाच हवा.

चालणारी मुलगी आणि मोटरसायकल

आता रस्त्याचं गणित. दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलीचा वेग ताशी साडेचार किलोमीटर धरला तर तीन किलोमीटरला ४० मिनिटं लागतात. ताशी ४० च्या वेगाने मोटरसायकल तेच अंतर साडेचार मिनिटांत कापते. म्हणजे मुलींचा घोळका एकदा घरी पोचेपर्यंत तीच गाडी त्याच रस्त्यावर आठ-नऊ फेऱ्या मारू शकते. एकदा मागून, एकदा समोरून, मग पुन्हा मागून. मुलींना मात्र ना वेग वाढवता येतो, ना वाट बदलता येते.

चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. मागून येऊन कुणी ओढणीला हात घातला आणि मुलगी दचकून, सावरून वर बघेपर्यंत तीन सेकंद गेले, तर गाडी तीस मीटर पुढे गेलेली असते. दुचाकीच्या नंबरप्लेटवरची अक्षरं बोटाच्या दोन पेरांएवढीही उंच नसतात. त्यात प्लेट धुळीने माखलेली, वाकवलेली किंवा नावाच्या नक्षीची असली तर तीस मीटरवरून काय वाचणार? ‘नंबर का घेतला नाहीस?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात हमखास येतो. विचारणाऱ्याने हे तीन सेकंद स्वतः एकदा अनुभवून पाहावेत. हेल्मेट तर कायद्यानेच सक्तीचं, त्यामुळे चेहरा झाकला म्हणून कुणाला हटकताही येत नाही.

अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे वर्षाला २२० दिवस धरले तर ४४० दिवस, ८८० खेपा आणि रस्त्यावरचे जवळपास ५८५ तास. आठवड्यातून एकदाच त्रास झाला असं मानलं तरी दोन वर्षांत तो सत्तरहून अधिक वेळा होतो. ‘एखाद्याने शेरा मारला तर एवढं काय?’ असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक प्रसंग असतो. मुलगी सगळे प्रसंग मोजत असते, आणि पुढचा कुठल्या वळणावर येईल याचा अंदाज बांधत चालत असते. प्रत्यक्ष काही न घडलेल्या दिवशीही ती त्या रस्त्यावर मोकळी नसते.

तक्रार का होत नाही

पोलिसांत तक्रारी नाहीत म्हणजे त्रास नाही, हा निष्कर्ष प्रशासन वारंवार काढतं आणि तो दर वेळी चुकतो. याचं कारण पोलिसांची भीती एवढंच नाही, खरी अडचण घरी असते. मुलीने घरी सांगितलं की पहिला निर्णय तिच्याबद्दल होतो, त्या मुलाबद्दल होत नाही. ‘उद्यापासून जाऊ नकोस’ हे वाक्य ऐकायचं नसेल तर गप्प राहणं हाच तिच्यापुढचा शहाणपणाचा मार्ग असतो. शाळा टिकवण्यासाठी ती त्रास लपवते.

फिरणं आटतं तेही एकदम आटत नाही. आधी ती वेळ बदलते, मैत्रिणींसाठी थांबते. मग एकटीने जायचे दिवस गळायला लागतात: मैत्रीण आजारी, म्हणून आज शाळा नाही. मग भाऊ किंवा वडील सोडायला येतात, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत त्यांना वेळ नसतो, म्हणून पुन्हा खाडा. जादा तास, प्रयोगाचे तास, खेळ, वाचनालय असं शाळा सुटल्यानंतरचं सगळं आधी जातं. हजेरीपटावर ती अजून ‘हजर’ असते, पण तिचा दिवस कापला गेलेला असतो. त्यानंतर ‘दहावी झाली, बास’ किंवा ‘बाहेरून परीक्षा दे’. त्यापुढे स्थळं बघायला सुरुवात. यातल्या एकाही पायरीवर पोलिसांच्या वहीत नोंद होत नाही.

शहरातही हेच घडतं, फक्त रूप वेगळं. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कॉलेज-निवडीचा अभ्यास अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी केला. सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी मुली चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज निवडतात, आणि मुलांच्या तुलनेत वर्षाला सुमारे १८,८०० रुपये जास्त प्रवासावर खर्च करायला तयार असतात, असं त्यांना आढळलं. शिक्षण सुटलेलं नाही, पदवीही मिळते, पण मिळू शकली असती त्याहून हलकी. ही तूट कुठल्याच गुन्ह्याच्या आकडेवारीत येत नाही.

मागणी शाळेची का होती

या प्रकरणातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलींनी ‘त्या मुलांना पकडा’ ही मुख्य मागणी केली नाही. त्यांनी शाळा मागितली. आमच्या मते ही फार नेमकी निवड होती. मुलांना पकडा म्हटलं की कुणाला, केव्हा, कुठे आणि कुणी ओळखलं हे येतं. एका मुलीचं नाव पुढे येतं. दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या घराशी वैर येतं, जात येते, पंचायतीत मिटवामिटवी येते. शाळेच्या मागणीत यातलं काहीच नाही. कुणा एकीची गोष्ट सांगावी लागत नाही. तक्रार करणारी एक मुलगी घरी बसवता येते, ऐंशी मुली एकदम बसवता येत नाहीत. गावालाही या मागणीमागे उभं राहणं सोपं गेलं, कारण त्यात कुणाच्या मुलाला बोट लागत नव्हतं.

लेखी आदेशाचा आग्रहही तितकाच योग्य होता. शाळेचा दर्जा वाढतो म्हणजे आधी अधिसूचना, मग प्राचार्य आणि विषय-शिक्षकांची पदं मंजूर होणं, ती भरली जाणं, मंडळाची मान्यता, वर्गखोल्या, आणि विज्ञान शाखा हवी तर प्रयोगशाळा. पहिला कागद नसेल तर पुढचं काहीच मागता येत नाही. आणि पहिला कागद मिळाला तरी पुढचं आपोआप होत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. दर्जा वाढवलेल्या खेड्यातल्या शाळांत सहसा कला शाखा आधी निघते, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. मग विज्ञान घ्यायची इच्छा असलेल्या मुलीपुढे तोच जुना रस्ता उरतो, किंवा ती कला शाखा घेते आणि आपणच ती निवडली असं सांगते.

मूळ मर्यादा तर याहून खोल आहे. सरकारने शाळा मुलींच्या दाराशी आणली, रस्ता होता तिथेच राहिला. बारावीनंतरचं कॉलेज, नर्सिंगचा कोर्स, स्पर्धा परीक्षेचा क्लास, नोकरी, बाजार, दवाखाना, सगळं त्याच प्रकारच्या रस्त्यांच्या पलीकडे असतं. शाळा जवळ आणल्याने दोन वर्षं मिळाली. अठराव्या वर्षी मुलगी पुन्हा त्याच वळणावर उभी राहते. म्हणून शाळा जवळ आणणं आणि रस्ता मोकळा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं झालं म्हणून दुसरं सोडून देता येत नाही.

वेग, बस आणि मधले तास

रस्त्यावरचा वेळ कमी करणं हा एक मार्ग. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे मुलींचं माध्यमिक शाळेतलं नाव-नोंदणीचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, आणि परिणाम मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत दिसला. बरोबर आपला तीन किलोमीटरचा रस्ता. ४० मिनिटांची वाट सायकलवर १५ मिनिटांची होते, आणि दहा-बारा मुली एकत्र सायकलवर निघाल्या की त्यांना गाठणं पायी घोळक्याइतकं सोपं राहत नाही.

महाराष्ट्रात आपल्याकडे बस आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या धावतात, आणि अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पासही आहे. खेड्यातल्या मुलींसाठी हा मोठा आधार आहे. पण बस जिथे अपुरी पडते ती जागा ओळखायला हवी. सकाळचं ज्युनिअर कॉलेज साडेबाराला सुटतं आणि परतीची बस संध्याकाळी पाचला. मधले साडेचार तास मुलगी स्टँडवर काढते. कॉलेजचं फाटक बंद झालेलं, स्टँडवर बसायला चार बाकडी, तीही भरलेली, आणि टवाळ पोरांना ती रोज याच वेळी इथेच असते हे पाठ झालेलं. प्रवास सुरक्षित झाला, पण त्रास प्रवासातून निघून थांबण्यात गेला. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप झाला तेव्हा या आधाराचा दुसऱ्या बाजूचा धोका दिसला. बस नाही म्हणजे कॉलेज नाही, इतकं ते गणित एकाच धाग्यावर टांगलेलं होतं.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. आगार व्यवस्थापकाला कॉलेजचं वेळापत्रक लेखी द्यायचं, फक्त सुट्टीच्या वेळेचं नव्हे, तर शनिवारचं, प्रात्यक्षिकांच्या दिवसांचं आणि परीक्षेच्या महिन्याचंही. बस येईपर्यंत कॉलेजची एक खोली उघडी ठेवायची, एका शिपायाच्या ड्यूटीवर ते भागतं. बसमध्येच त्रास झाला तर काय करायचं हे सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ च्या एस. समुथिरम प्रकरणातल्या निकालात सांगून ठेवलं आहे: तक्रार आली की चालक-वाहकांनी गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायची. त्याच निकालात बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमायला सांगितलं आहे. वाहकाला हे माहीत आहे का, एवढं विचारून पाहावं.

रस्ता मोजायचा कसा

एखाद्या गावाला आपला ‘कंवालीचा रस्ता’ तपासायचा असेल तर वर्गात उभं राहून ‘तुम्हाला कुणी त्रास देतं का?’ असं विचारू नये. सगळ्यांसमोर एकही हात वर होणार नाही, आणि ‘आमच्याकडे प्रश्न नाही’ असा अहवाल तयार होईल. मुलींसोबत ती वाट चालावी, त्यांच्याच वेळेला. प्रश्न जागेबद्दल विचारावेत: कुठे चाल वाढवतेस? कुठे रस्ता ओलांडून पलीकडे जातेस? कुठे मैत्रिणीसाठी थांबतेस? कुठे फोन काढून उगाच कानाला लावतेस? उत्तरं पटापट येतात, कारण यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. तीन किलोमीटरात अशा जागा सहसा दोन-चारच निघतात: पानटपरी, बंद पडलेली वीटभट्टी, पुलाचा कठडा, उसाच्या दोन फडांमधला तुकडा.

मग त्या जागांवर दोन आठवडे मोजणी करायची. किती मुली आणि बायका गेल्या, किती एकट्या, किती वाजता. नावं लिहायची नाहीत. तेवढ्यानेच चित्र उभं राहतं: साडेपाचनंतर रस्त्यावर पुरुष ऐंशी आणि बायका दोन, तर तिथे काय चाललंय हे वेगळं सांगायला नको. हा कागद आधी महिला ग्रामसभेत ठेवावा. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथून ग्रामसभा, मग पथदिव्यांसाठी ग्रामपंचायत, बससाठी आगार, आणि त्या दोन-चार जागांसाठी पोलीस ठाणं.

पोलिसांकडे मागायचं तेही नेमकं असावं. ‘गस्त वाढवा’ म्हटलं की जीप आठवड्यातून एकदा सायरन वाजवत जाते आणि तिचा काही उपयोग होत नाही. शाळा भरताना आणि सुटताना वीस-वीस मिनिटं त्या जागी नाकाबंदी मागावी. नंबरप्लेट नसलेली किंवा वाकवलेली गाडी, तिघे बसलेले, लायसन्स नसलेला चालक या सगळ्यांवर मोटार वाहन कायद्याने जागच्या जागी कारवाई होते आणि त्यासाठी एकाही मुलीला तक्रारदार व्हावं लागत नाही. चालक अठरा वर्षांखालचा निघाला तर कलम १९९अ नुसार गाडीमालकाला किंवा पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरातून गाडीची चावी काढून घ्यायला हे कलम पुरेसं ठरतं.

आणि जी मुलगी तक्रार करायला तयार आहे तिच्यासाठी कायदा कमी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाला, ७८ पाठलागाला आणि ७९ अश्लील शब्द किंवा हावभावांना लागू होतं. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, लागतो. त्यात तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. हद्द कुठली हे सांगून परत पाठवता येत नाही, गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावा लागतो. तिचं नाव-गाव बाहेर जाता कामा नये. तक्रारीनंतर शाळेने तिला वर्गात उभं करून ‘धाडसी मुलगी’ म्हणून टाळ्या वाजवायला लावणं हा त्या गुप्ततेचाच भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

एक धोका मात्र आधीच टाळावा. रस्त्याचा बंदोबस्त म्हणता म्हणता मुलींचाच बंदोबस्त सुरू होतो: ओढणी नीट घ्या, मोबाइल आणू नका, मुलांशी बोलू नका, सुटलं की थेट घरी. २०१७ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात छेडछाड रोखण्यासाठी पोलिसांची रोमिओविरोधी पथकं निघाली तेव्हा ती बागेत बसलेल्या जोडप्यांची चौकशी करत फिरली. कुठल्याही उपायाने मुलीच्या बाहेर राहण्याचे तास कमी होत असतील, तर तो उपाय छेडछाड करणाऱ्याचंच काम पुढे नेतो.

म्हणून तीन महिन्यांनी त्याच जागांवर, त्याच वेळांना पुन्हा मोजणी करावी. तक्रारी घटल्या आणि रस्त्यावरच्या मुलीही घटल्या, तर काहीच सुधारलेलं नाही. तक्रारी वाढल्या आणि मुलीही वाढल्या, तर ठाणेदाराला आणि पालकांना आकडे दाखवून सांगावं की काम बरोबर दिशेने चाललं आहे. पहिली मोजणी जुलैत केली असेल तर एक मोजणी दिवाळीनंतर हवीच, कारण तेव्हा सहा वाजताच अंधार पडतो आणि कॉलेजची आणि परतीची वेळ मात्र बदललेली नसते.